शंभर माणसांचा कोटा : अमेरिकेचा १९५२ चा कायदा

‘एच-वन बी’ हा शब्द आज पुण्या-ठाण्यात घराघरात माहीत आहे. पण त्यातला ‘एच’ कशाचा? तो कुठल्याही शब्दाचं आद्याक्षर नाही. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या प्रवेशाच्या प्रकारांची एक यादी आहे. त्यातलं ते एक उपकलम. विद्यार्थ्यांचा ‘एफ’ही तिथलाच. आज आपल्याला हाच कायदा समजून घ्यायचा आहे.

त्याआधी काय होतं? १७९० चा कायदा सांगत होता की बाहेरून आलेल्या फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच नागरिक होता येईल. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले. १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी झाली, १९१७ मध्ये आशियाचा मोठा पट्टाच बंद केला, १९२४ मध्ये राष्ट्रवार कोटे कायम झाले. म्हणजे प्रवेशाचे नियम एकीकडे, नागरिकत्वाचे दुसरीकडे, अशी ठिगळं साठत गेली.

या ठिगळांचा जाच आपल्या माणसांनीही सोसला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही. मग सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. आता त्यांच्यावरच खटला झाला! पण ते लढले. एकदा न्यायालयाने निकाली काढलेला प्रश्न सरकारला असा पुन्हा उकरता येणार नाही, या मुद्द्यावर ते जिंकले.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं. कोटा किती? वर्षाला साधारण १००.

आता १९५२ कडे येऊ. सिनेटर पॅट मॅककॅरन आणि प्रतिनिधी फ्रान्सिस वॉल्टर यांनी सगळे विखुरलेले नियम एका कायद्यात बांधले. नागरिकत्वासाठी वंशाची अट काढून टाकली. जपानमधून आलेल्या पहिल्या पिढीला त्यामुळे प्रथमच नागरिक होता आलं. हे मोठंच पाऊल होतं, ते नाकारून चालणार नाही.

पण गोम पुढे आहे. ब्रिटनचा कोटा ६५ हजारांहून अधिक, भारताचा तोच १००. शिवाय युरोपीय माणसाचा कोटा जन्मस्थानावरून ठरे, आशियाई माणसाचा मात्र वंशावरून. म्हणजे भारतीय आईबापांचा मुलगा लंडनमध्ये जन्मला, तरी तो भारताच्याच शंभरात मोजायचा. नागरिकत्वाच्या दारातून काढलेला वंश प्रवेशाच्या दारात उभा राहिला.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २५ जूनला नकाराधिकार वापरला. दोनच दिवसांत काँग्रेसने तो मोडून काढला. शीतयुद्धाचा काळ होता. परके विचार देशात शिरतील ही भीती मोठी होती.

राष्ट्रवार कोट्यांची पद्धत रद्द करणारा कायदा १९६५ मध्ये झाला. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी त्यावर सही केली. त्यानंतर भारतातले डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने गेले. त्यांत मराठी माणसंही होती. मात्र लक्षात घ्या, ही १९५२ च्या कायद्यातली दुरुस्ती होती. सांगाडा तोच राहिला, आजही तोच आहे.

आज कुठल्याही एका देशाला ग्रीन कार्डात साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. ती सर्वांना सारखी आहे, वंश विचारत नाही. तरीही मोठ्या देशाची रांग लांबच लांब होते, आणि भारतीय अर्जदार वर्षानुवर्षं तिच्यात उभे राहतात.

म्हणून कायदे ‘एकत्र करण्याचं’ काम म्हणजे निव्वळ कपाट आवरणं, असं समजू नका. आवरताना काय टाकलं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच काय नीट घडी घालून पुन्हा आत ठेवलं तेही. एकदा संहितेत बसलेली गोष्ट हलवायला पुढे फार कष्ट पडतात. कुठल्याही देशात असा कायदा आला, की दोन्ही याद्या मागून घ्याव्यात.