स्टिल आणि स्टील

फोटोग्राफर आपल्याला दोनच गोष्टी सांगतो. हसा आणि हलू नका. या दोन्ही एकदम जमणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पहिल्यावहिल्या फोटोवाल्यांची पंचाईतही हीच होती. फ्रान्समधल्या नीएप्सने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून दिसणारी छपरे टिपली, त्याला निदान आठ तास लागले म्हणतात. आठ तास जागची न हलणारी वस्तू म्हणजे एक तर छप्पर, नाहीतर कचेरीतली फाईल!

म्हणून पॅरिसच्या दागेरने १८३७ साली प्लास्टरचे पुतळे आणि वेताने मढवलेली बाटली कॅमेऱ्यापुढे मांडली. ना शिंक, ना जांभई. फोटोतले स्थिरचित्र, म्हणजे स्टिल लाइफ, जन्मले ते असे गरजेपोटी. पुढच्या वर्षी त्याने भर रस्त्याचा फोटो काढला, तर चालती माणसे, गाड्या, सगळे गायब! ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक गृहस्थ. जो थांबला, तो इतिहासात गेला.

इंग्लंडचा टॅलबट त्याहून व्यवहारी. १८४४ पासून भागाभागाने निघालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’मध्ये त्याने चिनीमातीच्या भांड्यांनी भरलेल्या फळ्यांचा फोटो छापला आणि सुचवले की, चोरी झालीच तर हा कोर्टात पुरावा व्हावा.

पुढे कॅमेरा चपळ झाला, माणसे क्षणात सापडू लागली. तरी १९३० साली अमेरिकेत एडवर्ड वेस्टन पत्र्याच्या नरसाळ्यात ढोबळी मिरची ठेवून तिच्यापुढे ठाण मांडून बसला. आता थांबायची पाळी माणसाची होती. त्या ‘मिरची क्रमांक ३०’ला पैलवानासारखी पाठ आहे, दंड आहेत. आपण मिरची दाबून बघतो, भाव पाडून बघतो. नुसती बघत मात्र नाही.

आपल्याकडचे स्थिरचित्र म्हणजे लग्नाच्या अल्बमातला रुखवताचा फोटो. हेतू थेट टॅलबटचा : काय काय दिले, त्याचा पुरावा. आईच्या अल्बमात असा एक आहे. स्टीलच्या डब्यांची उतरंड, शेजारी लाडू. आजोबा मात्र एकाही फोटोत धड नाहीत. जिथे आहेत तिथे हललेले. मुलीचा बाप लग्नात थांबतो कुठे? पण भिंग लावून पाहिले, तर मोठ्या डब्यावर कोरलेले त्यांचे नाव स्वच्छ वाचता येते. मास्तरकीच्या पगारातून घेतलेला तो डबा तेवढा त्यांच्या वतीने स्थिर उभा आहे.