ऐकणारा पाद्री

फादर थॉमस स्टीफन्सचे नाव निघाले की आपल्याकडे त्याने केलेली मराठीची स्तुती हटकून सांगितली जाते. मराठी माणसाला ती गोड वाटणारच. मला मात्र त्या स्तुतीच्या आधीची वर्षे अधिक मोलाची वाटतात. हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापून निघाले ते १६१६ साली. मधली सदतीस वर्षे, बहुतेक साष्टी महालात, तो लोकांना उपदेश करीत होता. पण त्यांचे बोलणे ऐकतही होता. १५८३ मध्ये भावाला धाडलेल्या पत्रात, येथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे त्याने नमूद केले आहे. विल्यम जोन्सने हाच विचार जगापुढे मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी!

तो काळ शांतपणे ऐकून घेण्याचा खासच नव्हता. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. त्याच १५८३ साली कुंकळ्ळीच्या संतप्त गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. पुढे पोर्तुगिजांनी तेथल्या प्रमुखांना बोलावून त्यांची कत्तल केली.

अशा दिवसांत लिहिलेल्या ह्या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न म्हणजे खरे तर गाऱ्हाणेच. स्टीफन्सने ते दडपले नाही. ग्रंथात मानाने बसवले. उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. त्याने लोकांचा सूर ऐकला, त्यांची भूक ओळखली. त्यांच्या देवांची बाजू मात्र ऐकली नाही. ती त्याची मर्यादा होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

देवाचा शब्द मनुष्य झाला, अशी आम्हां ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. मग तो सांगणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याच्या बोलीत उतरावे, हे ओघानेच आले. स्टीफन्सने हे ज्ञान स्वतःपाशी ठेवले नाही. मागून येणाऱ्या पाद्र्यांसाठी त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले. १६१९ साली तो वारला; दियोगु रिबैरुने त्यात भर घातली आणि १६४० मध्ये ते राचोलला छापले गेले. भारतीय भाषेचे छापील असे ते पहिले व्याकरण मानतात.

पुढे ते कान मिटले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. राज्यकर्त्यांना आता फक्त बोलायचे होते.

पण पुराण उरले. गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली, ओव्या म्हटल्या; आणि १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापले. फर्मानाला लष्कराचे बळ होते. ह्या ओव्यांना घरोघरच्या आवाजाखेरीज दुसरे बळ नव्हते; तेवढ्यावर त्या टिकल्या. ज्याने लोकांचे ऐकून घेतले, त्याचे शब्द लोकांनी तीनशे वर्षे सांभाळले.