मार्गांची आयात आणि हरवलेला पूर्वेतिहास

संगणक-जाळ्यांच्या इतिहासात २५ एप्रिल १९९७ या दिवसाचा उल्लेख बहुधा एका चुकीचा दिवस म्हणून होतो. अमेरिकेतील ७००७ क्रमांकाच्या स्वायत्त प्रणालीतील एका राउटरने इंटरनेटवरील हजारो मार्ग आपलेच आहेत असे घोषित केले आणि जगाची बरीच वाहतूक त्या लहानशा सेवादात्याकडे वळून तेथेच लुप्त झाली. या घटनेचे खापर कोणा एकाच्या निष्काळजीपणावर फोडणे सोपे आहे. परंतु तिचे मूळ अधिक खोल आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जून १९८८ मध्ये आरएफसी १०५८ द्वारे लेखबद्ध झालेला रिप हा प्रोटोकॉल मार्गाविषयी जवळजवळ एकच गोष्ट जाणतो: अंतर. पंधरापर्यंत मोजावे, सोळा म्हणजे अनंत. पत्त्याचा मास्कही तो वाहत नसे; १९९३ मधील दुसऱ्या आवृत्तीत ती सोय झाली. याउलट जून १९८९ मध्ये प्रथम प्रकाशित झालेला बीजीपी प्रत्येक मार्गासोबत तो ज्या ज्या स्वायत्त प्रणालींतून आला त्यांची यादी बाळगतो. यादीत स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर तो मार्ग नाकारतो, आणि चक्र टळते. ही यादी म्हणजे मार्गाची वंशावळच होय.

आता बीजीपीचा मार्ग रिपसारख्या अंतर्गत प्रोटोकॉलमध्ये उतरवला आणि पुन्हा बीजीपीत आयात केला, तर काय घडते? वंशावळ गळून पडते, आणि मार्ग जणू येथेच जन्मला अशा रीतीने नव्या क्रमांकाखाली बाहेर पडतो. मास्क नसल्यास एकत्रित पत्तागटही विस्कटतात. त्या दिवशी प्रसृत झालेले मार्ग नेमके अशाच स्वरूपाचे होते: यादीत केवळ ७००७, आणि गट प्रत्येकी २५६ पत्त्यांपर्यंत तुटलेले. राउटर नेहमीच अधिक नेमक्या गटास प्राधान्य देतो. त्यामुळे खरे, मोठे गट बाजूस पडले. दोषी राउटर जाळ्यापासून तोडल्यावरही काही तास ते मार्ग इतरत्र फिरत राहिले!

हा धोका तज्ज्ञांस अज्ञात होता असे मात्र नव्हे. बीजीपी आणि ओएसपीएफ यांच्या परस्परसंबंधांचे नियम सांगणारा आरएफसी १७४५ डिसेंबर १९९४ चा आहे. ओएसपीएफच्या बाह्य मार्गासोबत जाणाऱ्या ३२ बिटांच्या खुणेत मूळ प्रणालीचा क्रमांक कसा जपावा, हे त्यात सांगितले होते. उणीव ज्ञानाची नव्हती. शेजाऱ्याच्या घोषणा पारखून घेण्याच्या शिस्तीची होती.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी हेच पुन्हा दिसले. यूट्यूब देशापुरते बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने योजलेला मार्ग बीजीपीतून बाहेर निसटला, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने तो न गाळता पुढे पाठवला आणि सुमारे दोन तास यूट्यूबची सेवा जगात ठिकठिकाणी खंडित झाली. यूट्यूबचा १०२४ पत्त्यांचा गट २५६ पत्त्यांच्या घोषणेपुढे निष्प्रभ ठरला होता.

स्पष्ट धोरण नसेल तर बाह्य बीजीपी-शेजाऱ्याकडून काहीही घेऊ वा देऊ नये, हा नियम आरएफसी ८२१२ च्या रूपाने जुलै २०१७ मध्ये आला. म्हणजे पहिल्या घटनेनंतर वीस वर्षांनी. तथापि तो बाह्य शेजाऱ्यांपुरताच आहे. अंतर्गत प्रोटोकॉलमधून बीजीपीत होणाऱ्या आयातीस कोणती गाळणी लावावी, याविषयी तो मौन पाळतो.