सोलापुरातील तेलुगू भाषक पद्मशाली समाज

सोलापुरातील तेलुगू भाषक पद्मशाली समाज हा तेलंगणातून विणकामासाठी येऊन सोलापूर शहरात स्थायिक झालेला समाज आहे. त्याची दाट वस्ती असलेल्या भागाला शहरात 'पूर्व भाग' म्हणतात. अशोक चौक, कन्ना चौक, भद्रावती पेठ ही त्यातील परिचित ठिकाणे होत.

स्थलांतर

इ.स. १८१८ मध्ये सोलापूर ब्रिटिशांकडे गेले. पूर्वेकडील मुलूख मात्र निजामाच्या राज्यात राहिला. तेथील करीमनगर, वरंगल, नलगोंडा, महबूबनगर या भागांतील विणकर कुटुंबे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने सोलापुरास आली. इ.स. १८६० मध्ये रेल्वे आल्याने सूत मिळणे व लुगडी बाहेर पाठवणे सोपे झाले. इ.स. १८७६-७८ च्या दुष्काळाने दख्खनमधील विणकरांची उपजीविका मोडली. त्याच सुमारास, इ.स. १८७७ मध्ये, शहरातील पहिली कापडगिरणी सुरू झाली. आलेल्यांपैकी काही गिरणीत गेले, बाकीच्यांनी हातमाग धरला.

माग आणि विडी

घरातील पुरुष मागावर आणि स्त्रिया कांड्या भरण्यास, अशी जुनी विभागणी होती. पुढे हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. जेकार्ड मागावरील सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कापडगिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. या पडझडीत अनेक घरांचा खर्च स्त्रियांच्या विडीकामावर चालला, ही बाब चादरीच्या कौतुकात सहसा मागे पडते. तेंदूची पाने भिजवून कापायची, तंबाखू भरून विडी वळायची व दोऱ्याने बांधायची, हे काम घरी बसून होते. मजुरी हजार विड्यांवर ठरते. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा बहुधा कामगार स्त्रीलाच सोसावा लागतो. इ.स. १९६६ च्या विडी कामगारविषयक केंद्रीय कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रियांनाही कामगार मानले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, इ.स. २००६ मध्ये घरांचा ताबा देण्यात आला. तेथे पद्मशालींसह इतर समाजांतील कामगार स्त्रियाही राहतात.

सार्वजनिक जीवन

गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल व लिंगराज वल्याळ हे या समाजातील नेते सोलापूरचे खासदार झाले. पद्मशाली शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला पूर्व भागात सुपरिचित आहे. महाराष्ट्रात या समाजाचा समावेश विशेष मागास प्रवर्गात होतो.

मार्कंडेय ऋषी हे समाजाचे मूळपुरुष मानले जातात. नारळी पौर्णिमेस नवे जानवे धारण करून त्यांची रथयात्रा काढली जाते. नवरात्राच्या सुमारास स्त्रिया फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती गाणी म्हणतात.

भाषा

घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात त्यांच्या जोडीला कन्नड व दख्खनी, अशी येथील भाषिक रीत आहे. घरची तेलुगूही मराठी शब्दांनी भरलेली असून आंध्रातील प्रमाण तेलुगूपेक्षा वेगळी ऐकू येते. महापालिकेने तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या. तथापि पालकांचा ओढा आधी मराठी व नंतर इंग्रजी माध्यमाकडे गेला. परिणामी तेलुगू बोलणाऱ्या अनेकांना तिची लिपी वाचता येत नाही, आणि आजीच्या तोंडची गाणी देवनागरीत उतरवून घ्यावी लागतात. लक्ष्मीनारायण बोल्ली यांनी मात्र दोन्ही भाषांत लेखन केले व तेलुगू साहित्य मराठीत आणले. घराण्याचे नाव, म्हणजे तेलुगूतील 'इंटिपेरु', आडनाव म्हणून बहुतेकांनी टिकवले आहे.