ठिगळांची पिशवी : एक दुर्लक्षित दप्तर

तेरेखोलच्या किल्ल्याचा इतिहास आपल्याला लढायांतून आणि तहांतून शिकवला जातो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला आणि १९६१ साली गोवा मुक्त झाला. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल गोव्यातच राहिले; महाराष्ट्राच्या कडेला जोडलेले जणू गोव्याचे ठिगळच!

'ठिगळ' हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. परंतु सुईदोऱ्यालाही इतिहास असतो आणि तो भाषेत सापडतो. सदऱ्याचे 'काज' म्हणजे पोर्तुगीज 'काझा', अर्थात घर. 'फीत' ही त्यांची 'फिता'. हे शब्द मराठीत इतके मुरले की परके वाटत नाहीत. वाकळ मात्र आपलीच.

या दोन्ही धाग्यांचा मेळ पाहायचा असेल तर आमच्या घरची, क्रोशाचे विणकाम ठेवायची पिशवी पाहावी. तुकडे जुन्या लुगड्यांचे, अस्तर धोतराचे, टाके वाकळेचा धावदोरा आणि तोंडाला ओढायची फीत. अस्तराने शिवणी झाकल्या जातात, म्हणून लोकरीचा गुंडा आत अडकत नाही; कापड दुहेरी असल्याने सुईही बाहेर डोकावत नाही.

याच कलेची एक करुण शाखा उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी काही जण घाटावरच्या रानात पळाले. पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामी कायद्याने संपली ती १८६९ साली. त्यांच्या वंशजांपैकी, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी स्त्रिया कडेपासून मध्याकडे तुकडे जोडत 'कवंदी' शिवतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे 'फूल' बसवतात. पळालेल्यांची नावे कागदावर क्वचितच आली. त्यांच्या लेकीसुनांचे टाके मात्र आजही बोलतात.

'दप्तर' म्हटले की आपल्याला पेशवे दप्तर आठवते. ही पिशवीही दप्तरच आहे. पण तिचे वाचन करणारे माणूस असेपर्यंतच. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे सांगणाऱ्या आज्या एकेक करून जात आहेत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना एकच अभ्यास देतो : घरातली सर्वांत जुनी शिवलेली वस्तू घेऊन आजीजवळ बसा आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. वाचकहो, साफसफाईत अशी एखादी पिशवी हाती लागली, तर टाकण्यापूर्वी आपणही एवढे कराल ना?