कसोटीची शलाका : हाम्बुर्ग येथील कणशोधक-चाचण्यांचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीने लिहिला जातो. ज्या उपकरणाने शोध लागला त्याची पारख कोठे आणि कशाच्या आधारे झाली, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला जातो. वास्तविक उपकरणाच्या विश्वासार्हतेवरच शोधाचे प्रामाण्य उभे असते. जर्मनीतील हाम्बुर्ग येथील ‘डेझी’ या संशोधनसंस्थेतील इलेक्ट्रॉन-शलाकेच्या आधारे या विश्वासार्हतेच्या घडणीचा विचार येथे केला आहे.

या इतिहासाची सुरुवात वेगवर्धकांच्या नव्हे, विश्वकिरणांच्या अभ्यासात शोधावी लागते. मुंबईत जन्मलेले आणि तेव्हा केंब्रिज येथे संशोधन करणारे होमी भाभा यांनी वाल्टर हाइटलर यांच्यासमवेत १९३७ मध्ये विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना फोटॉन उत्सर्जित करतो. फोटॉनापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते. ते कण पुन्हा फोटॉन सोडतात आणि वर्षाव वाढत जातो. या उपपत्तीने निसर्गातील घटनेचा उलगडा झाला. परंतु आकाशातून येणाऱ्या कणाची ऊर्जा, दिशा आणि वेळ ठरविणे माणसाच्या हाती नव्हते. शोधकाची परीक्षा घेणाऱ्यास मात्र नेमकी हीच माहिती आधी हवी असते.

डेझी संस्थेची स्थापना १९५९ मध्ये झाली आणि १९६४ मध्ये तेथील पहिला सिंक्रोट्रॉन कार्यान्वित झाला. १९८७ पासून त्याची जागा ‘डेझी-२’ या वेगवर्धकाने घेतली. मोठ्या वलयांना कण पुरविणे हे त्याचे मुख्य काम. त्यात खंड न पडू देता चाचणीसाठी शलाका मिळविली जाते. सुमारे २९३ मीटर परिघाच्या वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वाटेत केसाहूनही बारीक कार्बनतंतू आणला जातो. तेथे निघालेले फोटॉन धातूच्या पत्र्यावर आदळतात व कणांच्या जोड्या निर्माण होतात. चुंबक त्यांना संवेगानुसार वेगळे करतो आणि १ ते ६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मर्यादेतील हव्या त्या ऊर्जेचे कण अरुंद फटीतून पुढे सोडले जातात. भाभा-हाइटलर वर्षावाच्या पहिल्या दोन पायऱ्याच येथे हेतुपूर्वक घडविल्या जातात.

प्रत्यक्ष चाचणीत शोधकाचा नमुना सिलिकॉनच्या सहा पातळ पटलांच्या मधोमध ठेवतात. पुढील व मागील पटलांवरील नोंदींवरून कणाचा मार्ग आखला जातो. नमुन्याने तो कण टिपला काय, आणि त्याचे स्थान काही मायक्रोमीटरांच्या अचूकतेने सांगितले काय, हे त्यावरून ताडून पाहता येते. या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन द्रव्यातून जाताना सहज विचलित होतो. त्यामुळे मोजणाऱ्या पटलानेच मोजमाप बिघडू नये म्हणून त्याची जाडी अवघी ५० मायक्रोमीटर राखावी लागली.

या काटेकोरपणामागे व्यावहारिक निकड आहे. महाकाय प्रयोगयंत्रणेच्या गाभ्यात बसविलेल्या शोधकापर्यंत पुढे वर्षानुवर्षे हात पोहोचत नाही आणि किरणोत्साराने त्याची क्षमता क्षीण होत जाते. म्हणून काही नमुन्यांवर आधीच प्रारणाचा मारा करून, मगच त्यांना शलाकेसमोर ठेवले जाते. जिनीव्हाजवळील सर्नचे वेगवर्धक २०१३-१४ मध्ये आणि पुन्हा २०१९-२० मध्ये दीर्घ देखभालीसाठी बंद असताना अनेक संशोधकगटांना हाम्बुर्गच्या शलाकेचा आधार मिळाला.

या वृत्तान्तातून एक निष्कर्ष निघतो. १९३७ मध्ये जी प्रक्रिया जिज्ञासेचा विषय होती, तीच पुढे इतर उपकरणांना पारखणारी कसोटी झाली. ज्ञान स्थिर झाल्याची याहून खात्रीची खूण क्वचितच सापडेल. अशा परीक्षेत नापास ठरलेले नमुने आणि त्यांच्या नोंदवह्या शोधांच्या इतिहासात सहसा स्थान मिळवीत नाहीत. उपकरणावर विश्वास का ठेवला गेला, हे पुढील अभ्यासकाला उमगायचे असेल, तर हीच सामग्री अभिलेखागारात जतन व्हावयास हवी.