'मोडल' शिकवताना मराठी दूर का ठेवायची?

विरारपासून नायगावपर्यंत इंग्रजीच्या शिकवण्यांना तोटा नाही. दहावी-बारावीची मुले, मुलाखतीच्या तयारीला लागलेले तरुण, नोकरीत बढती हवी असलेले कारकून अशा साऱ्यांची तिथे ये-जा असते. या वर्गांत मोडल ऑक्झिलरी, म्हणजे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही साहाय्यकारी क्रियापदे आली की एक मत हमखास ऐकू येते. मराठी माध्यमाच्या मुलांना मोडल जमत नाहीत, कारण ती मराठीत विचार करतात. मराठीत 'शकणे' आणि 'पाहिजे' एवढी दोनच हत्यारे आहेत, इंग्रजीच्या बारीक छटा तिच्यात नाहीत. तेव्हा मराठी बाजूला ठेवा, तक्ता पाठ करा आणि थेट इंग्रजीत विचार करायला लागा. हे मत मला चुकीचे वाटते. त्यामुळे मुलांचे नुकसान होते, म्हणून त्याचे खंडन करणे मी आवश्यक समजतो.

आधी पूर्वपक्षाला न्याय देऊ. 'शी कॅन्स', 'ही मस्ट टु गो', 'आय कॅन एबल टु' असली वाक्ये वह्यांमध्ये खरोखरच सापडतात. वर्गात मुले खूप, वेळ थोडा आणि परीक्षा तोंडावर, अशा वेळी शिक्षकाला तक्त्याचा आधार वाटतो. कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. पाच ओळींत धडा संपतो. पण या पाच ओळी वापरून पाहिल्या तर काय होते?

'लहानपणी मला पोहता यायचं' आणि 'काल मला विरार लोकल पकडता आली' ही दोन वाक्ये घ्या. तक्ता दोन्हींकडे 'कुड' देतो. पहिल्याला ते चालते, दुसऱ्याला चालत नाही. एकदाच घडलेल्या आणि साधलेल्या गोष्टीला इंग्रजी माणूस 'वॉज एबल टु' किंवा 'मॅनेज्ड टु' म्हणतो. हा भेद इंग्रजी शिकणाऱ्याला अवघड जातो असे म्हणतात. पण 'यायचं' आणि 'आली' या रूपांत तोच भेद मराठी मूल बोलायला लागल्यापासून पाळते आहे. अंगी असलेले कौशल्य एकीकडे, एकदा साधलेली गोष्ट दुसरीकडे. शिक्षकाने या दोन मराठी वाक्यांवर बोट ठेवले असते तर नियम घोकावा लागला नसता.

'कुड'ला भूतकाळ म्हणून बांधून टाकले की दुसरी अडचण उभी राहते. 'कुड यू ओपन द विंडो?' या विनंतीत भूतकाळ कुठे आहे? कुड, शुड, वुड, माइट ही मुळात भूतकाळाची रूपे होती हे खरे. पण कित्येक शतकांपासून ती नम्रता, शंका आणि कल्पना यांच्या कामाला लागली आहेत. काळाचे रूप आर्जवासाठी वापरायची रीत मराठीलाही नवी नाही. 'खिडकी उघडा' यापेक्षा 'जरा खिडकी उघडाल का?' हे मऊ लागते आणि तिथे रूप भविष्यकाळाचे असते. इंग्रजी मागच्या काळाकडे वळते, मराठी पुढच्या. युक्ती एकाच जातीची आहे.

आता 'मस्ट'. 'यू मस्ट नॉट कम' आणि 'यू नीड नॉट कम' यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. 'मस्ट म्हणजे पाहिजेच' एवढेच पाठ केलेल्याला ते दिसत नाही, कारण 'पाहिजेच'चा नकार कसा करायचा हे तक्ता सांगत नाही. शनिवारी कामावर यायची गरज नाही असे सहकाऱ्याला कळवताना 'मस्ट नॉट' लिहिले, तर सवलतीची मनाई होते. 'तू येऊ नकोस' आणि 'तू आला नाहीस तरी चालेल' यांत मराठी माणसाचा घोटाळा कधी होतो का?

तर्काचा प्रांत तर मराठीच्या घरचाच. वसई रोडच्या फलाटावर मित्राची वाट पाहताना आपण बोलतो ती वाक्ये आठवा. 'त्याची गाडी सुटली असेल.' 'एव्हाना सुटलीच असणार.' 'छे, इंडिकेटर आत्ता लागलाय, सुटली असणं शक्यच नाही.' इंग्रजीत याच पायऱ्या 'माइट हॅव लेफ्ट', 'मस्ट हॅव लेफ्ट' आणि 'कान्ट हॅव लेफ्ट' अशा होतात. खात्रीच्या 'मस्ट'च्या उलट सहसा 'मस्ट नॉट' येत नाही, 'कान्ट' येते, आणि तक्त्यावर शिकलेले विद्यार्थी इथेच अडतात. मराठीही इथे 'असणार' सोडून 'शक्य नाही'कडे वळते. एफ. आर. पामर या भाषाशास्त्रज्ञाने १९७९ साली इंग्रजी मोडलवर लिहिलेल्या ग्रंथात तर्क, बंधन आणि सामर्थ्य अशा अर्थांच्या जाती वेगळ्या काढून दाखवल्या. मराठीच्या अंगणात त्या तिन्ही जाती नांदत आहेत.

'मराठीत दोनच हत्यारे' हा दावा तर मराठी व्याकरणाची पाने न उलटताच केलेला आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून विध्यर्थ, संकेतार्थ, शक्य क्रियापदे यांची चर्चा आपल्याकडे होतेच आहे. 'आजीला जिना चढवत नाही', 'मला पोहता येत नाही', 'मला उद्या येता येणार नाही'. पहिल्यात अंगातले बळ, दुसऱ्यात कला, तिसऱ्यात परिस्थिती. इंग्रजी तिन्ही ठिकाणी 'कान्ट'वर भागवते. गरीब ठरवलेल्या भाषेचा हा साठा आहे.

एक शब्द, एक अर्थ ही समजूत इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यातही टिकत नाही. वसई-विरार महापालिका ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालते, त्याच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे यांसारखी कामे 'शॅल'ने बंधनकारक केली आहेत. कलम ६६ मध्ये उद्याने, मैदाने यांसारख्या सोयी 'मे'ने पालिकेच्या विवेकावर सोडल्या आहेत. नळाला पाणी मागणाऱ्या नागरिकाच्या दृष्टीने या दोन छोट्या शब्दांतला फरक फार मोठा आहे. तरीही 'शॅल' दिसले की सक्ती, असे डोळे मिटून म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२०(३) मध्ये काही बाबतींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्यासाठी 'शॅल' वापरले आहे. १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद अनिवार्य स्वरूपाची नाही असे ठरवले. न्यायमूर्तींनाही संदर्भ आणि हेतू पाहावा लागतो. मग शाळकरी मुलाने कोष्टकावर का विसंबावे?

उरतो तो आक्षेप चुकांचा, आणि तो रास्त आहे. मराठी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून 'कॅन्स' येते. 'जायला पाहिजे'मधला 'जायला' मनात घोळतो, म्हणून 'मस्ट टु गो' येते. 'त्याला पोहता यायला पाहिजे' असे मराठी दोन भाव एकापुढे एक ठेवते. इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत, तिथे 'मस्ट बी एबल टु स्विम' म्हणावे लागते. या चुका रूपाच्या आहेत. त्या इंग्रजी वाक्यांच्या भरपूर सरावानेच जातील आणि तिथे मराठीचा उपयोग थोडा. पण 'कॅन एबल टु' ही चूक पाहा. कॅन आणि एबल टु या दोहोंपुढे तक्त्याने 'शकणे' एवढेच लिहिले आणि मुलाने दोन्ही जोडून टाकले. तिचे खापर मराठीवर फोडणे अन्यायाचे आहे.

नालासोपाऱ्याच्या वर्गात हिंदी आणि गुजराती बोलणारी मुलेही असतात, वसईच्या गावांतून कादोडी आणि वाडवळी बोलणारीही येतात, त्यांचे काय? त्यांच्याही घरच्या बोलीत परवानगी वेगळी, सक्ती वेगळी, अंदाज वेगळा असतो. त्यांना त्यांच्या बोलीत विचारावे.

बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत सल्ला, शक्यता किंवा बंधन दाखवणारे मोडल वापरून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात. म्हणजे परीक्षाही अर्थच विचारते. तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर आधी प्रसंग मांडावा, मुलांना तो आपल्या भाषेत बोलू द्यावा, बोलणारा खात्रीने सांगतो आहे की अंदाजाने, मना करतो आहे की मोकळीक देतो आहे, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे आणि मग त्या अर्थाचे इंग्रजी रूप हाती देऊन त्याचा कसून सराव करून घ्यावा. मुलांना अर्थ आधीच येतो आहे. शिकवायचे आहे ते रूप, आणि वर्गातला वेळ त्यावर खर्च झाला पाहिजे.